फ्रीजवरचा कागद

मैत्रिणींनो, आज जरा वेगळ्याच विषयावर लिहिते आहे. ढोरांच्या दवाखान्यावर. तुम्ही म्हणाल, बाई, या पानावर मुलांचे अभ्यास, सासू-सुनांच्या गोष्टी, उन्हाळ्याचं वाळवण असं काही असतं. त्यात हा ढोरांचा दवाखाना कुठून आला? पण आपल्या गोंदिया जिल्ह्यात गाय-म्हैस बाईच्याच हाताखाली असते की नाही, सांगा बरं. शेण तीच काढते, पाणी तीच दाखवते, म्हशीनं पान्हा चोरला तर ते आधी तिलाच कळतं. आणि रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून आल्यावर गोठ्यात कंदील घेऊन जाते तीही तीच. मग दवाखान्याचा विषय आपला नाही तर कोणाचा?

शिवाय या गोष्टीत माझी एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

गोष्ट २०२१ च्या जून महिन्यातली. पावसाळा तोंडावर आला होता. आपल्याकडे भाताच्या बांध्या, तलाव, जागोजागी साचलेलं पाणी, त्यामुळे पावसाळ्यात घटसर्पाची भीती जास्त. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. संध्याकाळी जनावराला ताप भरतो, गळ्याला सूज येते, घशातून घरघर सुरू होते आणि सकाळपर्यंत खेळ आटोपतो. म्हशींना तर हा रोग फार लवकर गाठतो. म्हणून पावसाच्या आधी लस टोचून घ्यायची असते. आमच्या भागातल्या एका दवाखान्यानं (नाव मुद्दामच लिहीत नाही) गावाच्या आखरावर लसीकरणाचं शिबिर ठेवलं होतं. आमच्या बचत गटाच्या बाया चार दिवस घरोघरी फिरून सांगत होत्या. मीही त्यांच्यात होतेच.

शिबिराच्या आदल्या दिवशी दवाखान्याकडची डीपी जळाली. आमच्या गल्लीची लाइन वेगळी, तिकडे उजेड होता. अंधार पडता पडता दवाखान्याचे परिचर भाऊ थर्माकोलचा डबा घेऊन दारात उभे. म्हणाले, "वहिनी, उद्या सकाळी लागते. रातभर तुमच्या फ्रीजमधी राहू द्या जी." मी म्हटलं, ठेवते ना! त्यात काय एवढं! ते घाईत होते, गेले.

डबा उघडला तर आत बर्फाच्या पिशव्या आणि लसीच्या बाटल्या. मी मनात म्हटलं, एवढी बर्फात घालून आणलीय म्हणजे जितकी थंड तितकी चांगली. दूध फाटू नये म्हणून आपण काय करतो? आत सरकवतो. मी सगळ्या बाटल्या वरच्या बर्फाच्या खान्यात नेऊन ठेवल्या, नीट ओळीनं. आपण मोठं समाजकार्य केलं, अशा समाधानात झोपले.

पहाटे पाचला काढायला गेले तर बाटल्यांत बर्फ झालेला. पोटात धस्स झालं. पण कोणाला विचारायचं, एवढ्या पहाटे? एका पातेल्यात पाणी घेतलं, त्यात बाटल्या सोडल्या. तासाभरात लस पुन्हा पातळ झाली. दिसायला आधीसारखीच. मी त्या पुसून डब्यात भरल्या आणि काही न बोलता आखरावर पाठवून दिल्या. 'काही न बोलता' हे शब्द लिहिताना आजही हात अडखळतो.

आखरावर साठ-सत्तर जनावरं जमली होती. डॉक्टरसाहेबांनी पहिली बाटली हातात घेतली, हलवली, टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. मग दुसरी, मग तिसरी. आतला पांढरा भाग भराभर तळाशी बसत होता, वर पाणी वेगळं दिसत होतं. "ही लस गोठली होती का?" त्यांनी परिचरांना विचारलं. त्या बिचाऱ्याला काय माहीत! सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा मला बोलावंच लागलं.

मी पार जमिनीत गेले, पण डॉक्टर एक शब्द रागाचा बोलले नाहीत. त्यांनी सगळ्या बाटल्या बाजूला काढल्या आणि लोकांना हात जोडून सांगितलं की लस खराब झाली आहे, नवीन आली की पुन्हा बोलावतो. लोक कुरकुरत जनावरं घेऊन गेले. नवीन लस यायला दहा दिवस लागले. आणि आठव्या दिवशी आमच्याच गटातल्या एका मैत्रिणीची म्हैस घटसर्पानं गेली. दुभती म्हैस, गटाच्या कर्जावर घेतलेली. म्हैस गेली, हप्ते राहिले.

मी रडत डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, खरं सांगतो. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. त्या दिवशी चांगली लस टोचली असती तरी आठ दिवसांत ही म्हैस वाचलीच असती, असं मी म्हणू शकत नाही." हे शास्त्र झालं. मला ते पटलंही. पण त्या घरासमोरून जाताना रिकामा खुंटा दिसायचा तेव्हा शास्त्र आठवायचं नाही.

मग डॉक्टर आणखी एक गोष्ट बोलले. "लस दोन ते आठ अंशांत ठेवायची, गोठवायची नाही, हे मला माहीत होतं. माझ्या माणसाला अर्धं माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नाही. जे माझ्या डोक्यात होतं ते तुमच्या फ्रीजपर्यंत पोचलं नाही. ही चूक तुमच्या एकटीची कशी?"

तिथून आमच्या कागदांची सुरुवात झाली.

मोठ्या कंपन्यांत, इस्पितळांत याला एसओपी म्हणतात, स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसिजर. सरकारी मराठीत प्रमाणित कार्यपद्धती. आपण सरळ 'कामाची लिहिलेली रीत' म्हणू. कोणतं काम, कोणी, कधी, कोणत्या क्रमानं करायचं, आणि काही बिघडलं तर काय करायचं, एवढं कागदावर असायला हवं. म्हणजे डॉक्टर बाहेरगावी गेले, परिचर रजेवर गेले, नवीन मुलगा कामाला लागला, तरी काम तसंच होतं. आपल्या घरी लग्न निघालं की आपण यादी करतोच ना? हळदीचं सामान, मुहूर्ताची साडी, आहेराची पाकिटं. यादी नसली तर ऐन वेळी अक्षताच राहतात. आपल्याला काही येत नाही म्हणून राहतात का? नाही. गडबडीत राहतात.

हेच सांगणारा एक मोठा माणूस आपल्या विदर्भातल्या घरातला आहे. अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातले, उटी गावचे. अतुल गावंडे यांच्या पुढाकारानं जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनच्या वेळी वाचायची एक यादी काढली. फक्त १९ गोष्टी. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी त्या मोठ्यानं वाचायच्या. हाच पेशंट ना, हेच ऑपरेशन ना, कशाची ॲलर्जी आहे का, आत कापूस-सुई राहिली नाही ना. आठ देशांतल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, त्यात आपली दिल्लीही होती. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले, मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, कागदावरची एक यादी. एवढ्या शिकलेल्या डॉक्टरांनाही कागद लागतो, तर मला फ्रीज उघडताना लागला असता, यात नवल ते काय!

आता आमचा पहिला कागद. डॉक्टरांनी स्वतः लिहून आणला. 'लसींची शीतसाखळी अबाधित राखण्यात यावी.' मी परिचर भाऊंना वाचायला दिला. त्यांनी वाचला, मान हलवली. मी विचारलं, काय समजलं? म्हणाले, "साखळी लावून ठेवा म्हणते." डॉक्टरांना हसू आवरेना. मग म्हणाले, "ताई, तुम्ही मराठी घेऊन बी.ए. केलंय ना? मग लिहा तुम्हीच."

मी लिहिलं ते असं. लस फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नाही. वर बर्फाच्या खान्यात तर मुळीच नाही. फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवा. सकाळी आल्यावर आणि संध्याकाळी जाताना आकडा वहीत लिहा. आकडा २ पेक्षा कमी किंवा ८ पेक्षा जास्त असला तर लस वापरू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. वीज गेली तर फ्रीज उघडू नका. लस दुसऱ्याच्या घरी ठेवावी लागली तर हा कागद सोबत द्या आणि त्या घरच्या बाईला वाचून दाखवा.

ते शेवटचं वाक्य माझं आहे. डॉक्टर म्हणाले, ते राहू द्या.

या एका कागदावर थांबावं असं आम्हाला वाटलं नाही. मी आठ दिवस दवाखान्याच्या ओट्यावर वही घेऊन बसले. कोण येतं, काय विचारतं, काम कसं होतं, नुसतं बघायचं आणि लिहायचं. कसं व्हायला पाहिजे ते नंतर, कसं होतं ते आधी. तिथंच एक गाठ बसली. परिचर भाऊ रुसले. "मले इथं वीस वर्सं झाली. आता मले कागद शिकवते का?" त्यांचंही चुकीचं नव्हतं. आपल्या सुनेनं आपल्याला भाजीची कृती वाचून दाखवली तर आपल्याला कसं वाटेल? मग मी वही त्यांच्यापुढे केली. म्हटलं, भाऊ, तुम्ही सांगा, मी लिहिते. वीस वर्षांत जे तुम्हाला कळलं ते डॉक्टरांनाही माहीत नसेल. आणि खरंच नव्हतं! मारकी गाय कशी बांधायची, कोणत्या गावात शिबिर सकाळी सातच्या आत घ्यायचं कारण नंतर गायकी ढोरं रानात नेतो, सुया उकळायचं भांडं कोणतं, सगळं त्यांच्या तोंडून आलं. कागदाखाली त्यांचं नाव आणि सही घेतली. त्या दिवसापासून ते कागद त्यांचे झाले. कोणी चुकलं की तेच बोट ठेवून दाखवतात.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो फोनच्या कागदाला. गावातून फोन बहुतेक बाईचाच येतो, नाहीतर तिच्या सांगण्यावरून मुलाचा. ती म्हणते, "डॉक्टर पाठवा, म्हैस कशीतरी करते." आता 'कशीतरी' म्हणजे काय? म्हणून प्रश्न ठरवून टाकले. जनावर उभं आहे की पडलं आहे? पोट फुगलं का? गळ्याला सूज आहे का, घरघर आहे का? कळा किती वेळापासून येत आहेत? अंग बाहेर आलं का? वार पडली का, किती तास झाले? लाळ गळते का? शब्द बायांचेच ठेवले. पुस्तकातले ठेवले असते तर बोलणारीला एक कळलं असतं आणि ऐकणाऱ्याला दुसरंच. अडलेली गाय, पोटफुगी, गळ्याची सूज, साप चावणं, रक्त न थांबणं, यातलं काही असलं तर बाकीचं काम बाजूला ठेवून आधी तिकडे. डॉक्टर दुसऱ्या गावी असले तर १९६२ हा टोल फ्री नंबर सांगायचा, त्यावर फिरता पशुवैद्यकीय दवाखाना मागवता येतो.

लाळेच्या प्रश्नाजवळ डॉक्टरांनी लाल शाईनं एक ओळ घातली. तुम्हीही ती लक्षात ठेवा. जनावराची लाळ गळते, गिळता येत नाही, वेगळ्याच आवाजात हंबरतं, तर घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. ते पिसाळलेलं असू शकतं. लाळ लागलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि माणसांच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करायचं. आपल्या कितीतरी बहिणी मायेपोटी हात घालतात हो!

दुसरा कागद सुयांचा. वापरलेल्या सुया उकिरड्यावर जायच्या. शेणखतात अनवाणी पाय कोणाचे असतात? आपलेच. दवाखान्यातल्या असल्या कचऱ्याचा कायदा जनावरांच्या दवाखान्यांनाही लागू आहे. आधी १९९८ चे नियम होते, मग २०१६ चे आले. सुया-पातींसाठी न भोसकणारा पांढरा डबा हवा, असं त्यात आहे. आमच्या कागदावर लिहिलं, 'सुई टोचली की सरळ डब्यात. टेबलावर नाही, खिशात नाही, मातीत नाही.'

तिसरा कागद गाभण राहण्याचा. गाय सकाळी माजावर दिसली तर त्याच दिवशी संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. वीर्याच्या कांड्या उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये असतात. त्या भांड्यातला नायट्रोजन कोणी, कोणत्या वारी मोजायचा, ते नावासकट लिहिलं. आधी सगळ्यांचं काम होतं, म्हणून ते कोणाचंच नव्हतं.

चौथा कागद औषधांच्या कपाटाचा. महिन्यातून एकदा तारखा बघायच्या, संपलेलं वेगळं काढायचं. जनावरांना डायक्लोफिनॅक द्यायला २००६ पासून बंदी आहे. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होतात, त्यामुळे देशभरची गिधाडं संपत आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. म्हणून 'कपाटात ही तीन नावं नसावीत' अशी ओळ आहे. आणि औषध दिलेल्या गाईचं दूध किती दिवस विकायचं नाही, लेकरांना द्यायचं नाही, ते चिठ्ठीवर लिहूनच द्यायचं. तोंडी नाही. तोंडी सांगितलेलं आपल्या घरी नवऱ्याच्या कानापर्यंतच राहतं, चुलीपर्यंत येत नाही.

पाचवा कागद सगळ्यात छोटा, पण मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यावर लिहिलं आहे 'काय करायचं नाही'. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचाराचं काम नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाचं. बारीकसारीक सेवा त्यांच्या देखरेखीखाली शिकलेला माणूस करू शकतो. म्हणून परिचरांनी काय करायचं, काय नाही, गावातल्या पशुसखीनं काय करायचं, काय नाही, ते स्पष्ट लिहिलं. उमेद अभियानातून आपल्या जिल्ह्यातही पशुसख्या झाल्या आहेत. बकऱ्यांना जंताचं औषध, लसीकरणाला मदत, आजारी जनावर लवकर ओळखणं, अशी त्यांची कामं. त्या मुलींवर गावाचा दबाव असतो, "दे ना एक इंजेक्शन, डॉक्टर कायले बोलावते?" कागद हाती असला की त्या म्हणू शकतात, हे माझ्या कागदात नाही. नाही म्हणायला आधार लागतो, तो कागद देतो.

कागद लिहून झाले की आम्ही एक युक्ती केली. दवाखान्यात नवीनच आलेल्या मुलाच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, कोणाला काही न विचारता एवढं कर. तो जिथं अडला तिथं कागद चुकला, मुलगा नाही, असं आधीच ठरवलं होतं. पहिल्या दिवशी तो सात ठिकाणी अडला. 'थोडं गरम पाणी' असं लिहिलं होतं, थोडं म्हणजे किती? मग सगळं पुन्हा लिहिलं. एका कामाला एकच पान, मोठं अक्षर, खाली तारीख. आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा वाचायचं, असं ठरलं.

या कागदांची खरी परीक्षा पुढच्याच वर्षी झाली. २०२२ मध्ये लम्पी आला. ते दिवस आठवा. अंगभर गाठी उठलेल्या गाई, बंद पडलेले बाजार. बकऱ्यांच्या देवीची लस गाईंना टोचणं सुरू झालं. ही लस पूड असते, पाण्यात मिसळली की थोड्या तासांत संपवावी लागते. आमच्या पानावर क्रम लिहिलेला होता. आधी निरोगी गोठे, आजारी गोठा सगळ्यात शेवटी. दर जनावराला नवी सुई. दहा-बारा जनावरं समोर उभी राहिल्याशिवाय नवी बाटली फोडायची नाही. प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वहीत. त्या नंबराचा पुढे फार उपयोग झाला. लम्पीनं जनावर दगावलं तर सरकारनं दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार अशी मदत जाहीर केली होती. ती मागायला पुरावा लागतो. ज्यांच्या नोंदी होत्या त्यांची धावपळ कमी झाली. आमच्याकडे एकही जनावर गेलं नाही असं मी म्हणणार नाही. गेली. पण 'कोणाचं चुकलं' यावर भांडण झालं नाही.

२०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागानं कोणत्या रोगाला काय उपचार, याची देशभरासाठी एक मार्गदर्शिका काढली. चांगलीच गोष्ट. डॉक्टरांच्या टेबलावर ती हवीच. पण आपल्या दवाखान्यातला फ्रीज सकाळी कोण उघडतं आणि वीज गेली की डबा कोणाच्या घरी जातो, ते दिल्लीत बसून कोण लिहिणार? ते आपलं आपणच लिहायचं.

आणि मैत्रिणींनो, दवाखान्याचंच कशाला, गोठ्याचीही एक वही करा. मुलांच्या जुन्या वह्यांची कोरी पानं शिवलीत तरी चालेल. त्यात एवढं लिहा.

कानातल्या बिल्ल्याचा नंबर.

माजावर आल्याची तारीख. २१ दिवसांनी पुन्हा बघायचं, तेव्हा ती लागते.

रेतनाची तारीख. गाईचे नऊ महिने नऊ दिवस, म्हशीचे दहा महिने दहा दिवस, बकरीचे पाच महिने मोजायचे.

लसींच्या तारखा. लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा, घटसर्प-फऱ्याची पावसाळ्याआधी. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आणि वगारीला ब्रुसेलाची लस, जन्मात एकदाच. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला यांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून सुरू आहे, त्यात ती टोचून मिळते.

औषध दिल्याची तारीख आणि दूध किती दिवस बाजूला काढायचं ते.

ब्रुसेलाचं नाव निघालंच आहे तर एक सांगते. हा रोग गाईला गाभडायला लावतो आणि माणसालाही होतो. कच्च्या दुधातून होतो, वार आणि गाभडलेलं वासरू उघड्या हातानं उचललं तर होतो. ताप येत-जात राहतो, सांधे धरतात, आणि घरचे म्हणतात, बाई कामचुकार झाली. म्हणून वार ओढू नका, डॉक्टर येऊ द्या. उचलायचीच वेळ आली तर हातात मोजे, नाहीतर निदान प्लास्टिकच्या पिशव्या घाला. घरात गर्भार सून-लेक असेल तर तिला या कामाजवळही जाऊ देऊ नका. दूध उकळूनच प्या.

आता राहिली ती माझी मैत्रीण.

त्या दिवशी लस का खराब झाली हे आखरावर पुढे उभ्या असलेल्या चारचौघांनाच कळलं होतं. ती मागे होती, म्हैस धरून. म्हैस गेल्यावर मी तिच्या घरी रोज जायचे, हप्त्यासाठी गटात बोलले, मुदत वाढवून घेतली. पण खरं सांगायची हिंमत झाली नाही. दवाखान्याच्या फ्रीजवर पहिला कागद चिकटवला, त्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, बर्फाच्या खान्यापासून पातेल्यातल्या पाण्यापर्यंत.

ती खडे वेचतच राहिली. मग म्हणाली, "मले मालूम होतं जी. त्या दिवशी तुमचं तोंड पायलं होतं मी." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "सांगाले लई दिवस लावले तुमी." एवढंच. मग उठून चहा ठेवला. त्या चहाची चव मला काही कळली नाही.

तिचं कर्ज फिटलं. दोन वर्षांनी तिनं एक वगार घेतली, ती आता व्याली आहे. हा लेख लिहिण्याआधी मी तिला विचारलं, लिहू का? म्हणाली, "लिवा. पण माझं नाव नोका टाकू, अन् फ्रीजचं बराबर लिवा."

ती लसीकरणाला येते तेव्हा जनावर बाहेर बांधून आधी आत जाते आणि परिचर भाऊंना विचारते, "आज आकडा किती आहे?" ते कपाळाला आठ्या घालतात, फ्रीज उघडतात आणि थर्मामीटर तिच्यासमोर धरतात. ती वाचते. वहीत लिहिलेला आकडाही बघते. मगच वगारीचा कासरा सोडते.